दिल्लीला पाठवलेल्या पुड्या

निवडणुकीच्या वेळी तिचं जे पत्रक निघालं, त्यात तिच्या आयुष्याची बावीस वर्षं दोन शब्दांत उरकली होती. "यशस्वी उद्योजिका." बस्स. पुढे हात जोडलेला फोटो, खाली चिन्ह, मागच्या बाजूला आश्वासनांची रांग. ते पत्रक माझ्या हातात आलं तेव्हा मी रोलरचा पट्टा चढवत होते आणि हात ग्रीसने बरबटलेले होते. मी सरळ त्याच कागदाला हात पुसायला लागले. आमचा म्हातारा हमाल म्हणाला, "बाई, अक्काचा फोटो हाये ना त्यावर." मग मला लाज वाटली आणि मी तो कागद घडी करून हत्यारांच्या डब्यात टाकला.

राग कागदाचा नव्हता, त्या दोन शब्दांचा होता. उद्योजिका म्हटलं की लोकांना काचेचं केबिन दिसतं. आम्ही तर दहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात, तुरीच्या टरफलांची धूळ खात काम केलं. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल पिवळा व्हायचा. हे पत्रकात कोण छापणार म्हणा. छापलं असतं तर मतंही कमीच पडली असती.

ती माझी भागीदार. आमची डाळमिल. ओळख झाली तेव्हा आम्ही दोघी दुसऱ्याच्या मिलमध्ये डाळ निवडायला जायचो, सुपं घेऊन समोरासमोर बसायचो. ती धुळ्याकडच्या शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यातून लग्न होऊन जळगावला आलेली, मी जामनेरकडची. ती अहिराणी बोलायची आणि मी आमच्या पूर्वेकडच्या बोलीत, आणि पहिला महिना आम्ही एकमेकींच्या बोलण्याला हसण्यातच घालवला. माझे वडील ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. लहानपणी मी त्यांच्याजवळ नटबोल्टचे पाने पकडून बसायचे, त्यामुळे मशीन बिघडलं की मला ते काय बोलतंय ते कळायचं. एकदा त्या मिलची चाळणी अडकली, मिस्त्री दोन दिवस येईना, तेव्हा मी पदर खोचून ती सुरू करून दिली. मालकाने शाबासकी दिली आणि मला पुन्हा सुपापाशी बसवलं. तिने ते पाहिलं. दुपारी भाकरी खाताना म्हणाली, "तुले मशीन समजस, माले दाना समजस. आते आजून काय पाहिजे?"

एवढ्याच भांडवलावर आम्ही सुरुवात केली. म्हणजे बाकीचंही लागलंच, पण ते सगळ्यांनाच लागतं, त्याचं कौतुक सांगत बसत नाही. एक सांगते. तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या सासूने मला कानतुटक्या कपात चहा दिला. आमचं घर विहारात जाणारं, हे सासूला ठाऊक होतं. सुनेने माझ्या हातातला कप घेतला, स्वतःचा मला दिला आणि कानतुटक्या कपातून पिऊ लागली. पुढचा महिनाभर, मी गेले की ती त्याच कपातून प्यायची. मग एक दिवस तो कप घरातून नाहीसा झाला. नंतर त्याच सासूने आमच्यासाठी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापून शेडवर पाठवल्या.

आता तिचा दात. हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

तुरीची डाळ एका दिवसात होत नाही. तुरीला रोलरमध्ये ओरखडे पाडायचे, तेलाचा हात लावायचा, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, सकाळी सिमेंटच्या खळ्यावर उन्हात पसरायची. संध्याकाळी पाणी शिंपडून पुन्हा ढीग, पुन्हा ऊन. बाया अनवाणी त्या डाळीतून पाय घासत चालतात, पायाने सऱ्या पाडतात, म्हणजे खालचा दाणा वर येतो. खळ्यावर चप्पल घालून कुणी जात नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, पण जात नाही. आणि शेवटी प्रश्न एकच असतो, वाळली की नाही. ओली डाळ पोत्यात भरली की पंधरा दिवसांत आतून तापते, कोंदट वास धरते, शिजताना फेस काढते. जास्त वाळवली तर कणी होते. ओल मोजायचं यंत्र आम्ही पुढे घेतलं, पण तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ती सकाळी चहाच्या आधी खळ्यावर यायची, चार कोपऱ्यांतून चार दाणे उचलायची आणि पुढच्या दातांत धरून चावायची. वाळलेला दाणा कट्कन वाजतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. ओला दाणा आवाज न करता दाताखाली चपटा होतो. मधले जे पन्नास प्रकार असतात ते फक्त तिला कळायचे. चावून झालं की ती एक तर मान हलवायची, नाहीतर ओरडायची, "वली शे! बठ्ठी दाय परत ऊनमा टाका!" आणि पोती शिवायला घेतलेल्या बाया तोंडातल्या तोंडात तिचा उद्धार करत पुन्हा डाळ पसरायच्या.

तिच्या दाताशिवाय एकही पोतं शिवलं गेलं नाही. मी मशीनमधून काढलेला माल कितीही चांगला असो, तिने दात लावेपर्यंत तो माल नसायचाच. मला कधी कधी याचा राग यायचा. आता वाटतं, कुणीतरी आपलं काम रोज सकाळी दाताखाली धरून पाहतंय, यासारखं सुख नसतं. तेव्हा हे कळलं असतं तर एवढी भांडले नसते.

राजकारणात ती ठरवून गेली नाही. आमच्या भागात बायांना संध्याकाळी घरी जायला बस नव्हती, त्यासाठी ती डेपोत जाऊन बसली. मग पाण्यासाठी बसली. मग बाजार समितीत, जिथे एकही बाई बसत नव्हती, तिथे जाऊन बसली. बसायचा तिला नादच लागला. लोक येऊ लागले, शेडच्या दारात चपलांचा ढीग दिसू लागला, आणि एके दिवशी मोठ्या गाड्यांतून माणसं आली. लोकसभेच्या धुळ्याच्या जागेसाठी त्यांना बाई हवी होती. जळगावची सून, धुळ्याची लेक, व्यापारातली, स्वच्छ. त्यांना अगदी घोटून तयार केलेली उमेदवार सापडली होती.

ते गेल्यावर ती खळ्यावर आली. मी कडेला बसून बेअरिंग धूत होते. ती शेजारी बसली. "तिकीट दी ऱ्हायनात माले. काय करू, सांग."

मला म्हणायचं होतं, नको जाऊ. जिभेवर आलं होतं. तिच्याशिवाय मला ते शेड डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती तिच्यात परवानगी मागणं नव्हतं, आनंद होता, आणि तो लपवायचा प्रयत्न होता. मला तो प्रयत्न बघवला नाही. मी म्हणाले, "मले काय विचारते? जाय ना. दिल्लीलाही कळू दे दाना काय असतो." आणि बेअरिंग इतकं घासलं की ते पार चकाकलं.

"पाच वरीस," ती म्हणाली. "मंग मी शे नि तू शे." पाच वर्षं, नंतर परत आपण दोघी.

ती हसत म्हणाली, पण मी ते पक्कं धरलं. पुढची पाच वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. कुणी विचारलं की भागीदार कशी आहे, की मी सांगायचे, येईल आता, एवढी मुदत संपू दे. लोकांना वाटायचं मी गंमत करते.

निवडून आली. गुलाल इतका उडाला की आमच्या खळ्याच्या सिमेंटवर तो पुढचे दोन महिने दिसत होता, आणि मी दोन वेळा सगळं खळं धुवायला लावलं, कारण लाल डाळ कुणी घेत नाही. पहिल्या वर्षी ती धुळ्याहून दर रविवारी यायची. एकदा तिच्याबरोबर आलेले चार कार्यकर्ते बूट घालून सरळ डाळीत शिरले. सऱ्या पाडणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. तिने त्या चौघांना असं झापलं की त्यातला एक परत कधी जळगावला आलाच नाही, असं म्हणतात. मग तिने स्वतःच्या चपला काढल्या, आत गेली, दाणे उचलले, चावले. मी शेडच्या दारातून बघत होते. त्या रविवारी मला वाटलं, काही बदललेलं नाही.

हळूहळू रविवार पातळ झाले. अधिवेशन, दौरे, लग्नं, उद्घाटनं. एक दिवस ती आली आणि खळ्याच्या कडेलाच उभी राहिली, चपला काढायला वेळ नव्हता. गाडीचं इंजिन चालूच होतं. मी दाणे तिच्या हातावर नेऊन ठेवले. ती गाडीत बसता बसता चावून म्हणाली, "चाली." चालेल. आणि गाडी निघून गेली.

मग मी वानगीच्या पुड्या सुरू केल्या. प्रत्येक खेपेची मूठभर डाळ कागदाच्या पुडीत बांधायची, वर खेपेचा आकडा लिहायचा आणि कुरिअरने दिल्लीला तिच्या बंगल्यावर पाठवायची. पुडी मिळाली की तिचा फोन यायचा. "चाली, भरी टाक." मग मी पोती शिवायला सांगायचे. कधी "वली शे" म्हणायची आणि मी डाळ पुन्हा पसरायचे. बाया डोक्याला हात लावायच्या. डाळ जळगावच्या उन्हात, दात दिल्लीत, आणि मधे दोन दिवसांचं कुरिअर. पुडी पोचेपर्यंत खळ्यावरची डाळ आणखी वाळलेली असायची, म्हणजे तिकडे ओली म्हणून आलेला निकाल इकडे आधीच खोटा झालेला असायचा. एवढं साधं गणित मला कळत नव्हतं असं नाही.

आता खरं सांगते, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला पुड्यांची गरज नव्हती. वीस वर्षं तिच्या शेजारी उभी राहिले, तिचा चेहरा बघून आधीच ओळखायचे की आता मान हलणार की ओरडा बसणार. मधल्या केव्हातरी माझाही दात तयार झाला होता. ती दिल्लीला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मला ते कळलं. मी दाणा चावला आणि मला सगळं समजलं, ते पन्नास प्रकारसुद्धा. मी घाबरले. हे तिला कळलं तर ती कशाला फोन करेल? म्हणून मी मूग गिळून बसले, आणि पुड्या बांधत राहिले. त्या फोनसाठी. कधी कधी तो फोन जेमतेम वीस सेकंदांचा असायचा आणि मागे कुणीतरी "मॅडम, मॅडम" करत असायचं. तरी मी त्या दिवशी बरी असायचे.

चौथ्या वर्षीच्या भाद्रपदात आभाळ हटेना. आठ दिवस ऊन पडलं नाही, पडलं तर तासभर. खळ्यावरची खेप पाच वेळा ताडपत्रीखाली गेली आणि पाच वेळा बाहेर आली. मी दाणा चावला. ओला. अगदी आत, मध्यभागी, पण ओला. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याला माल हवा होता, त्याचे फोनवर फोन चालू होते. मी पुडी पाठवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. कुठेतरी विमानतळावर होती. मी म्हणाले, "खेप पाहिली?" ती म्हणाली, "हां हां, चाली, भरी टाक," आणि फोन बंद.

तिने पुडी उघडलेली नव्हती. मला ते तिच्या "हां हां" वरून कळलं. एवढा राग आला की कानशिलं तापली. वीस वर्षांत दाणा न चावता तिने कधी मान हलवली नव्हती, आणि आता माझी डाळ तिच्या कपाटात पुडीतच पडली होती. माझ्या दाताला माहीत होतं की ती ओली आहे. मी बायांना सांगितलं, "अक्का म्हनली चालेल. शिवा पोती." एकीने माझ्याकडे पाहिलं, कारण तिच्याही पायांना कळलं होतं. मी तिच्यावर डोळे वटारले. पोती शिवली, ट्रक गेला. मुद्दाम केलं मी ते. तिला धडा शिकवायला. तो धडा कुणाच्या ताटात जाऊन पडेल, याचा विचार केला नाही, हे आज लिहिताना मला अजिबात शोभत नाही, पण असंच झालं.

ती डाळ फिरत फिरत तिच्याच माहेरच्या तालुक्यात, मुलींच्या एका वसतिगृहाच्या कोठारात पोचली. आणि त्याच वसतिगृहात खासदारबाई पाहणीला गेल्या. मुली म्हणाल्या, आमटीला वास येतो. तिने कोठार उघडायला लावलं. बरोबर मोबाइल घेतलेली पाचपन्नास माणसं. तिने पोत्यात हात घातला, दाणा काढला, आणि सगळ्यांसमोर चावला. अधिकारी बघतच राहिले, अशी खासदार कधी त्यांनी पाहिलेली नव्हती. तिने दाणा थुंकला आणि कडाडली, "ज्याने ही डाळ भरली त्याच्या तोंडात दात नाहीत का? लेकरांना हे खायला घालता?"

टाळ्या पडल्या. तो व्हिडिओ तासाभरात आमच्या मिलमध्ये पोचला. बाया फोनभोवती गोळा झाल्या, कौतुकाने बघू लागल्या. मी मागून पाहिलं. पोत्यावर व्यापाऱ्याचा छाप होता. पण शिवण आमची होती, निळ्या दोऱ्याची दुहेरी, मीच शोधून काढलेली, आमच्याशिवाय तशी कुणी घालत नाही. व्हिडिओत ती पोतं बाजूला सारायला वाकते. तिचा हात शिवणीवर पडतो. मग ती काही वेळ वाकलेलीच राहते. लोकांना वाटलं असेल कंबर धरली. मग ती उभी राहते आणि आधीपेक्षा हळू आवाजात म्हणते, "हा माल माझ्याच गिरणीचा आहे. मी परत नेते. चूक माझी आहे." पुढे गलका, आणि व्हिडिओ तुटतो.

विरोधकांची दिवाळी झाली. कुठल्या वर्तमानपत्रात काय छापलं ते मी वाचलं नाही. मी ट्रकमध्ये नवी डाळ भरली, ऊन पडल्यावर वाळवलेली, दोनदा चावलेली, आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून शिंदखेड्याच्या रस्त्याला लागले. वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाईने पोतं उघडलं आणि माझ्याकडे न बघता आधी दाणा दातात धरला. कट्कन वाजला. म्हणाली, "ताईनी शिकाडं आमले. आते पहिले चावतस, मंग उतरी लेतस." आता आम्ही आधी चावतो, मग माल उतरवून घेतो. तीन दिवसांपूर्वी शिकवलं होतं अक्काने, जाण्याआधी, सगळ्या स्वयंपाकिणींना ओळीत उभं करून. मुली जेवायला बसत होत्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, ट्रकमध्ये जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी ती जळगावला आली. एकटी. शेडमध्ये येऊन पोत्यांच्या थप्पीवर बसली.

"तुले माहीत व्हतं ना?"

"हो," मी म्हणाले. "अन् तू पुडी उघडली नव्हती."

"नही उघाडी."

मला वाटत होतं तिने ओरडावं. सगळी डाळ परत उन्हात टाका, असं ओरडावं. ती ओरडली नाही. म्हणाली की दिल्लीच्या कपाटात अशा कितीतरी पुड्या आहेत, गेल्या वर्षभरातली एकही तिने उघडलेली नाही. नुसता फोन करायची. मी विचारलं, मग फेकून का नाही दिल्या. तिने पदर तोंडाला लावला. "फेकाले मन व्हस नही. तठे दुसरं काय शे मनं?" तिथे माझं दुसरं आहे काय, असं ती म्हणाली, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या फोनवर दोन्ही बाजूंना एकच खोटं चाललं होतं. तीही माझ्या आवाजासाठीच फोन करायची. दोन बाया, पन्नाशी उलटलेल्या, आणि सरळ म्हणता येत नव्हतं की तुझी आठवण येते.

तेव्हाही म्हटलं नाहीच. तिने एवढंच ठरवलं की आता पुड्या बंद. "आते तूच चाव. तुले येस, माले माहीत शे." तुला येतं, मला ठाऊक आहे. कधीपासून ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही.

पुढचं दीड वर्ष मीच चावत होते. एकही खेप परत आली नाही. फोनही आले नाहीत फारसे, कारण फोन करायचं कारण आमच्याकडे उरलं नव्हतं. सणाला यायचा, वाढदिवसाला यायचा, आणि आम्ही दोघी जावईबापूंशी बोलावं तशा एकमेकींशी बोलायचो. सकाळी खळ्यावर दाणा चावला की मी अजूनही शेडच्या दाराकडे बघायचे. मान हलवणारं कुणी नसायचं. पण मुदत संपत आली होती. मी शेडमधली तिची खुर्ची नव्याने विणून घेतली. खळ्याला नवा कोबा केला. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण मी नवरी यायची असल्यासारखी मिल सजवत होते.

एप्रिलमध्ये तिला पुन्हा तिकीट मिळणार अशी बोलणी सुरू झाली. चुकीची कबुली दिल्यामुळे ती बुडेल असं सगळे म्हणत होते, तर उलटच झालं. तालुक्या-तालुक्यातल्या वसतिगृहांत, शाळांत, अंगणवाड्यांत बाया धान्य चावून घेऊ लागल्या होत्या. साक्रीकडच्या बाजारातसुद्धा म्हणे दुकानदार आधी विचारायचे, चावून बघणार का अक्का? मला हे सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी कुणाशी बोलत नव्हते.

ती सकाळी आली. गाडी लांब उभी केली, माणसं गाडीपाशीच ठेवली. चपला काढून खळ्यावर आली. तूर हंगामातली, खळं भरलेलं, ऊन असं की सिमेंटवर पाय ठरेना. आम्ही मधोमध उभ्या राहिलो. ती म्हणाली, "दुपारलोंग उत्तर देनं शे माले." दुपारपर्यंत तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. मग म्हणाली की मी तुला शब्द दिला होता पाच वर्षांचा. तो मी विसरले नाही. मिलला माझी गरज असेल तर मी नाही म्हणते, आत्ता, इथूनच फोन करून. तिच्या हातात फोन होता. ती थट्टा करत नव्हती.

मी पायाने डाळीत एक सरी ओढली. तिने वाकून चार कोपऱ्यांतून नाही, पायाजवळूनच एक दाणा उचलला. स्वतःच्या तोंडाकडे न नेता माझ्या तळहातावर ठेवला.

"सांग आते. वली की वायेल?"

मी दाणा दातात धरला. त्या क्षणी मला त्या दाण्याकडून एकच गोष्ट हवी होती, त्याने चपटं व्हावं, गुपचूप, आवाज न करता, म्हणजे मिलला अजून तिचा दात लागतो असं म्हणता आलं असतं. तो कट्कन वाजला. इतका खणखणीत की लांब उभ्या असलेल्या बायांनीही माना वळवल्या. तिने तो ऐकला. मी ऐकला.

मी म्हणाले, "ओली आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले आणि ओठ हसायला लागले, दोन्ही एकदम. तिने माझा ग्रीसचा हात घट्ट धरला, तिच्या इस्त्रीच्या पदराला डाग लागला तरी सोडला नाही. मग म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे ऊनमा." राहू दे मग उन्हात. आणि खळ्याच्या कडेला जाऊन चपला घातल्या. गाडीत बसण्याआधी तिने फोन कानाला लावला होता. हो म्हणून सांगत होती.

ती खेप मी त्याच दुपारी भरली. वाळलेलीच होती.